पायथ्याची ओल

"मामा, तुमच्यामुळे धरण वाचलं," इंजिनिअर मॅडम म्हणाल्या, आणि धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं मामांना झालं.

मामा बोटिंगच्या तलावाचे राखणदार. तलाव लहान, धरण मातीचं. पण बांधाच्या खालीच मुलांचं खेळायचं मैदान. रोज सकाळी साठ पायऱ्या उतरून पायथा बघायचा आणि कुठे पाणी पाझरतंय का ते तक्त्यात लिहायचं, एवढंच मामांचं काम. पाझर वेळेत कळला नाही तर असा बांध आतून पोखरत जातो.

दोन वर्षांपूर्वी मामांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. सांगावं तर नोकरी जाणार. त्याहून मोठी लाज बायकोसमोर म्हातारं ठरण्याची. म्हणून "पायथ्याला जाऊन येतो" म्हणत मामा सहाला निघत आणि बोटींच्या शेडमागे तासभर बूड टेकत. बायकोही त्याच सुमारास डॉक्टरांनी सांगितलेलं चालायला बाहेर पडे, त्यामुळे विचारणारं कुणी नसे. महिनाअखेरीला मामा एका बैठकीत तीस वेळा 'कोरडं' लिहून मोकळे होत. तक्ता ऑफिसात पोचवायचं काम बायकोचं.

"चेष्टा करताय का मॅडम?"

"छे हो. ओल वेळेत कळली म्हणून तलावाचं पाणी उतरवता आलं. तुमचं नाव मी वर पाठवतेय."

खालून पोरांचा गलका येत होता. मामांना तो ऐकवेना. चहाचे कप ठेवून बायको दाराशीच थांबली होती.

"नका पाठवू," मामा म्हणाले. "दोन वर्षं झाली, मी पायथ्याला गेलेलो नाही. बसल्या जागी कोरडं लिहीत आलो. हिच्याशीसुद्धा रोज खोटं बोललो. खालच्या एकाही पोराला काही झालं असतं तर..." बायकोकडे बघायची त्यांची छाती होईना. "काढून टाका मला."

मॅडम गोंधळल्या. त्यांनी फायलीतून ऑफिसातले तक्ते काढून मामांपुढे ठेवले. "मग हे काय आहे?"

मामांनी चष्मा चढवला. 'उजव्या कोपऱ्यात ओल, तळहाताएवढी.' 'ओल आज ताटाएवढी. पाणी अजून स्वच्छ.' 'उंदराचं बीळ दिसलं, बुजवलं.' रोजची एक ओळ, चोवीस महिने, एकही दिवस चुकलेला नाही.

खाली सही हुबेहूब मामांची होती, आणि वरचं सगळं अक्षर बायकोचं.