दारापेक्षा उंच शेपूट

"या म्हाताऱ्यांना घरी बसू देऊ नकोस. घरी बसला की माणूस महिन्याभरात आटोपतो," असं सिरिलनं शेवटच्या आजारात बायकोला, मुरिएलला, बजावलं होतं आणि तिनं हो म्हटलं होतं.

म्हातारे म्हणजे सिरिलचे सोबती, इंग्लंडात लिंकनशरला विमानं ठेवायच्या आमच्या हँगरात दर गुरुवारी फुकट राबणारे सहाजण. एका मोडक्या लढाऊ जेटचा एकेक खिळा केसाच्या जाडीपर्यंत मोजून त्यांनी ते संग्रहालयासाठी नवंकोरं केलं. काम संपल्याचा आनंद सगळ्यांनी सुतकी चेहऱ्यानं केक खाऊन साजरा केला. मग विमान न्यायला गाडी आली आणि कळलं, की त्याचं शेपूट हँगरच्या दारापेक्षा हातभर उंच आहे.

संग्रहालयाच्या हिलरीबाई म्हणाल्या, "धन्य आहे तुमची, रेजकाका. सगळं मोजलंत, तेवढं दार राहिलं."

"राहिलं कसं?" रेज चहात दूध ओतत म्हणाला. "दोनदा मोजलं. मगच शेपूट आत बसवलं."

बाकीचे पाचजण बिस्किटं बुडवण्यात गढून गेले. "आता उतरवायचं म्हणजे वर्ष तरी जाणार," त्यांतला एक पुटपुटला. "घाई केली तर पत्रा फाटतो हो."

हिलरीबाईंनी कपाळाला हात लावला.

"मिळेल हो तुमचं विमान, लवकरच मिळेल," मुरिएल हळूच म्हणाली. तिनं कोट चढवला, सायकल काढली आणि पलीकडच्या शेतात डुकरांच्या गोठ्यामागे गंजत पडलेलं दुसरं जेट शेतकरी देतो का, ते विचारायला ती निघाली.