दसऱ्याचं ड्रेसिंग

उन्हाने पांढरट पडलेल्या बंपरवर मी सकाळपासून प्लास्टिक काळं करायचं ड्रेसिंग चोळत होतो. फोमने लावायचं, मुरू द्यायचं, जास्तीचं फडक्याने टिपायचं, नाहीतर धूळ चिकटते. दोन तासांत बंपर आणि दारांखालच्या प्लास्टिकच्या पट्ट्या काळ्याभोर झाल्या. आज दसरा, गाडीची पूजा होती.

साहेबांची आई ताट घेऊन आली, मागोमाग साहेब आणि घरचे तिघं. तिने गाडीभर गोमूत्र शिंपडलं आणि मला म्हणाली, "आता शिवू नकोस हं. शुद्ध केलीय."

दर सोमवारी दवाखान्यात नेताना हिला हाताला धरून याच गाडीत मी बसवतो. तेव्हा माझा हात चालतो. मी साहेबांकडे पाहिलं. ते मोबाइलमध्ये बघत राहिले.

मी फाटकापाशी जाऊन उभा राहिलो. हार चढला, नारळ फुटला, चारही चाकांखाली लिंबं ठेवली. मग सगळे माझ्याकडे वळले, कारण त्या घरात दुसऱ्या कुणाला गाडी चालवता येत नाही.

"चल खरात, लिंबांवरून घे," साहेब म्हणाले.

"आजींनी शिवू नको म्हटलंय."

"अरे, जुनी माणसं. मनावर घेऊ नये."

"तुम्ही तर नवीन ना? तुम्ही का गप्प बसलात?"

आजी म्हणाली, "पूजा अर्धवट राहील रे."

नऊ वर्षांची नोकरी होती. घरी दोन पोरी शिकतायत. मी खिशातून किल्ली काढली आणि तिच्या ताटात ठेवली. ताट बाटलं तर बाटलं.

"ढकला," मी म्हणालो. "पाच जण आहात."