रुद्रप्पाची विमानं

विमान चौथं.

"पोटात किती पाणी मावतं याच्या?" पंचाक्षरी अण्णांनी मागून विचारलं आणि रुद्रप्पाची पेन्सिल जागच्या जागी थांबली.

चादरींच्या कारखान्यात, कामाच्या वेळेत, नक्षीच्या कागदावर विमान काढताना खुद्द मालकांनी पकडलं होतं. गेली नोकरी, असंच त्याला वाटलं.

"चारशे घागरी, अण्णा," तो कसाबसा म्हणाला. "हिप्परग्याच्या तळ्यावर खाली येतं, पोट उघडून पाणी घेतं, आन जाऊन आगीवर ओततं."

"असलं विमान असतं कुठं?"

"मी तरी कुटं बघितलंय? म्हणून तर काढतो."

अण्णा हसले नाहीत. स्टूल ओढून बसले.

रुद्रप्पाच्या विमानांकडं असं बसून कुणी पाहिलं नव्हतं. नक्षीचा कागद बारीक घरांचा, एक घर म्हणजे एक धागा. त्यावर मोर काढा की कमळ, कडा पायऱ्यांच्याच येणार. पहिलं विमान बघून ज्ञानू म्हणाला होता, "हे उडायचं न्हाय रे. हे जिना चढून जाणार." ज्ञानू त्याच्या शेजारी बसून नक्षीबरहुकूम मागाच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडायचा. दुसऱ्या विमानात त्यानं चिवडा बांधून नेला. तिसऱ्यानं रुद्रप्पाच्या बायकोनं, काशम्मानं, चूल पेटवली. "आग विझवायचं इमान," ती नवऱ्याला म्हणाली, "लई झ्याक पेटलं बघा."

विमान पाचवं.

यात पंखांखाली कारखाना आला. "आपलाच काढा की," अण्णा म्हणाले, "मापात." रंगीत पेन्सिलींची पेटीही त्यांनीच आणून दिली.

एक घर म्हणजे एक फूट. रुद्रप्पानं पावलं टाकत सगळं मोजलं. मागांची शेड, रंगखाना, सुताची खोली आणि बाहेरची पत्र्याची ओसरी. तिथं काशम्मा आणि आणखी पंधरा बायका उन्हाच्या झळा खात सुताच्या कांड्या भरायच्या.

अण्णा रोज येऊन विचारायचे. आग पसरायला किती वेळ? बंब यायला किती? माणसं पळतील कुठून? रुद्रप्पा खुलून सांगायचा. चाळिशी उलटलेल्या माणसाला कुणीतरी पहिल्यांदाच गांभीर्यानं घेतलं होतं.

"आणि लागेल नेमकी कुठं?"

"उद्या सांगतो, अण्णा. चित्रात रंगवून."

"सांगा. पण कुणाला बोलू नका हं."

विमान सहावं.

तो ज्ञानूला बोललाच. ज्ञानूनं पुठ्ठा खाली ठेवला.

"मालकाला आगीची एवढी चौकशी कशाला रं?"

"आवड हाय त्यांना."

"आवड! परवा तयार चादरी गाडीत घालून घरी नेल्या, ते दिसलं न्हाय? माग जुने झालेत. विमा उतरवलाय. काडी कुटं लावायची त्याचा नकाशा काढून देतोयस तू, खुळ्या."

रुद्रप्पा उठून ओसरीकडं बघून आला. अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. सुताची खोली. छतापर्यंत सूत, खिडकी नाही, वायर जुनाट, हवेत तंतूच तंतू. ठिणगी पडली की संपलं. आणि तिच्या भिंतीला लागूनच ओसरी.

पोलिसांत जावं? जाऊन काय सांगायचं? मालकानं माझ्या चित्राचं कौतुक केलं?

"उद्यापासनं कामाला जाऊ नको," घरी तो काशम्माला म्हणाला.

"का? इमान येणार हाय व्हय न्यायला?"

मग त्यानं डोकं चालवलं. सहाव्या चित्रात लाल घरं भरली ती रंगखान्यावर. रंगखान्याची फरशी बारमाही ओली, भिंतींना पाणी सुटलेलं. तिथं पेटलेली बिडीसुद्धा विझायची. लावू दे काडी तिथं.

अण्णांनी कागद उजेडात धरला. "रंगखाना? नक्की?"

"नक्की. रंगाची रसायनं असत्यात की."

"मला तर सुताच्या खोलीची धास्ती होती."

"ती सगळ्यांत बिनघोर, अण्णा. माझ्यावर सोडा."

अकरा वर्षांच्या नोकरीतलं पहिलं खोटं. त्या दिवशी रुद्रप्पा दोन भाकरी जास्त जेवला.

विमान सातवं. काढलं नाही.

भाचीच्या लग्नाला दुधनीला गेलेला रुद्रप्पा पाचव्या दिवशी परतला. अण्णा कारखान्याच्या फाटकातच उभे होते. त्याचा हात धरून त्यांनी त्याला मागच्या बाजूला नेलं.

रंगखान्याच्या भिंतीत नवंकोरं दार बसवलं होतं. दाराशी पाण्याच्या दोन टाक्या, वाळूच्या आठ बादल्या.

"वैरागला माझ्या मेव्हण्याचं कापसाचं जिनिंग जळालं," अण्णा म्हणाले. "दार एकच. चार माणसं आतच राहिली. तेव्हापासून डोळ्याला डोळा लागत नव्हता बघा. बोभाटा झाला असता तर अर्धी पाळी पळाली असती, म्हणून गप्प राहिलो. या टाक्यांना जागा हवी म्हणून चादरीसुद्धा घरी नेऊन टाकल्या."

रुद्रप्पाला अण्णांच्या तोंडाकडं बघवेना. खरं सांगायचं तर खोटं का बोललो तेही सांगावं लागणार. आणि ते कुठल्या तोंडानं सांगायचं? उद्या सांगू, त्यानं मनाशी ठरवलं. एका दिवसानं काय होतंय?

त्यानं ओसरीकडं पाहिलं. ओसरी रिकामी होती.

"बायका कुटं गेल्या, अण्णा?"

"उन्हात भाजत होत्या बिचाऱ्या," अण्णा म्हणाले. "तुमच्या शब्दावर सगळ्यांना सुताच्या खोलीत बसवलं. काशम्मा तर हटूनच बसली. म्हणाली, माझ्या नवऱ्यानं शोधलेली जागा, पार आतली मलाच पाहिजे."