आंबट माती

पट्टी गुलाबी झाली. मोतीराम गुरुजींनी दुसरी पट्टी बुडवली. तीही गुलाबी झाली.

पेल्यात जास्वंदीच्या बुडाची माती होती, पाण्यात कालवून ठेवलेली. शेजारच्या पेल्यात कुंडीतली माती, तेच पाणी. तिथं पट्टी होती तशी जांभळीच राहिली.

"पाहिलं?" ते बायकोला म्हणाले. "माती आंबट झाली आहे. झाड आपोआप नाही मरून राहिलं. कोणीतरी मारून राहिलं त्याले."

सुंदराबाई जास्वंदीजवळ बसल्या होत्या. पानांच्या कडा जळाल्या होत्या. दोन महिन्यांत एक कळी नव्हती. हे कलम त्यांनी बार्शीटाकळीहून, आईच्या अंगणातून, ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीत मांडीवर धरून आणलं होतं. पुढल्या वर्षी आई गेली. घर विकलं, घेणाऱ्यानं अंगणात फरशी टाकली. आईचं म्हणून जे होतं ते हे झाड.

"काय कमी केलं याले?" त्या म्हणाल्या. "आठवडाभर भाजी धुतल्याचं पाणी माह्या हातचं, रविवारी लेकरायच्या हातचं. एक दिवस तहानलं नाही ठेवलं."

गुरुजींची नजर कुंपणाच्या भिंतीवर होती.

भिंतीपलीकडे खुशालराव राहत. दिवाळीत त्यांनी गाडी घेतली आणि भिंतीला लागून उभी केली. जास्वंदीची एक फांदी पलीकडे झुकलेली. फुलं गळून गाडीवर पडत, डाग पडत. "मास्तर, फांदी छाटा, नाही तर मी बुडापासून पाहतो," असं ते चार लोकांत म्हणाले होते. त्याच खुशालरावांच्या गणपतीला पंधरा वर्षं रोज याच झाडाची फुलं गेली. सुंदराबाईंनी कधी हात आखडला नाही.

नऊ वाजता गल्लीतली सहा पोरं व्हरांड्यात जमली. गुरुजी निवृत्त झाल्यापासून हा रविवारचा वर्ग कधी चुकला नव्हता. दिवाळीच्या सुट्टीनंतर घरातल्या पातळ वस्तू तपासायला घेतल्या होत्या. जास्वंदीची फुलं कागदावर चोळून पट्ट्या पोरांनीच केल्या. आता जुन्याच पट्ट्या पुरवून वापराव्या लागत. "जिभेले नाही विचाराचं, पट्टीले विचाराचं," असं गुरुजी सांगत.

आज टेबलावर ताक होतं, चिंचेचं पाणी होतं, साबणाचं पाणी होतं. धम्मदीपनं लोणच्याचा खार आणला होता. "आजी म्हणे वाटी परत आणजो," असं तो म्हणाला आणि सगळे हसले. गुरुजी हसले नाहीत.

शेवटी नेहमीसारखी त्यांची स्वतःची संडास धुण्याच्या ॲसिडची बाटली निघाली. तिची पट्टी सगळ्यांत लाल होई, म्हणून पोरांना ती आवडे. त्या पेल्याला ते पोरांना हात लावू देत नसत. पट्टी बुडवायची त्यांनीच, पेला बादलीत रिकामा करायचा त्यांनीच.

"हर्षा, तुमच्या घरी असं ॲसिड आहे का?"

हर्षा खुशालरावांची नात. "हो गुरुजी. आजोबा बाहेरच्या नळाजवळ ठेवतात. भिंतीपाशी."

"बोलाव त्यायले. बाटली घेऊन या म्हण."

खुशालराव बाटली घेऊन आले. बाटली अर्धी रिकामी होती. गुरुजींनी त्यातलं थोडं पेल्यात घेतलं, पट्टी बुडवली आणि लाल झालेली पट्टी मातीच्या पट्टीशेजारी ठेवली.

"हे काय आहे, मास्तर?"

"तुमी बुडापासून पाहिलं ते आहे."

खुशालरावांना समजायला एक क्षण लागला. मग त्यांचा चेहरा तांबडा झाला. "माह्या नातीसमोर मले चोर ठरवता?"

"चोर उचलून नेते. तुमी जागेवर मारलं."

"ॲसिड तुमच्याही टेबलावर आहे. मग तुमी टाकलं काय?"

"मी शिकवण्यासाठी वापरतो. तुमी मारण्यासाठी." गुरुजींचा आवाज चढला नव्हता, तरी समोरच्या दोन घरांची दारं उघडली. "अर्ज लिहून ठेवला आहे. उद्या ठाण्यात देतो. आणि आजपासून देवाची फुलं दुसरीकडून आणा."

"फुलं हायेत कुठं आता?" खुशालराव म्हणाले. मग नातीकडे वळले. "हर्षा, उद्यापासून इथं पाय ठेवाचा नाही. चाल."

"आज आवराची पाळी माही आहे, आजोबा."

ते एकटेच गेले. जाताना फाटक त्यांनी सावकाश लावलं.

गुरुजींनी सवयीनं ॲसिडचे दोन्ही पेले बादलीत ओतले आणि खुर्चीत बसले. सुंदराबाईंनी आणलेला चहा त्यांनी घेतला नाही.

हर्षा मान वर न करता आवरत होती. ताकाचा पेला, चिंचेचा पेला, खाराची वाटी, सगळं तिनं एकेक करून बादलीत रिकामं केलं. नळाला पाणी येऊन चार दिवस झाले होते, म्हणून पेले तिनं तांब्याभर पाण्यातच विसळले आणि तेही पाणी बादलीत टाकलं. दंडानं डोळे पुसले. मग दोन्ही हातांनी बादली उचलून ती व्हरांड्याच्या पायरीवर थांबली.

"गुरुजी," ती म्हणाली, "पाणी वाया जाऊ देऊ नका म्हणता ना तुमी. दर रविवारसारखी आजची बादली बी जास्वंदीच्या बुडाशीच टाकू ना?"