अकरातली नऊ

या, असे जवळ येऊन बसा. पहाडगंजच्या मराठी शाळेतल्या एका दुपारची गोष्ट सांगायची आहे. लहानशीच आहे.

संगणकाच्या खोलीत सुखदेव सरांचा तो शेवटचा दिवस. तिथली सगळी यंत्रं कोपऱ्यातल्या एका मोठ्या संगणकावर चालतात. निवृत्त होणाऱ्याचं खातं बंद करायचं, त्याचा गट काढायचा, असा मुख्याध्यापिका अलकनंदाबाईंचा नियम. नवा शिक्षक अनुराग त्यासाठी बसायला लागला, तर सुखदेव सर म्हणाले, मीच करतो.

गट म्हणजे सॉफ्टवेअरच्या पॅकेजांचं, सुट्या सुट्या प्रोग्रामांचं, गाठोडं. पूर्वी ही गाठोडी तयार करणाऱ्यांकडूनच बांधून येत, आणि त्यांत मराठी कधी नसे. सर दरवर्षी एकेक पॅकेज शोधून चढवत. मग सोय आली: ज्याला जे लागतं त्याचं गाठोडं त्यानंच बांधावं, नाव द्यावं, एका आज्ञेत सगळं हजर. त्याच दिवशी सरांनी ‘सुखदेव’ गट बांधला. मराठीचे फाँट, कीबोर्ड, शब्दकोश, वाचून दाखवणारा आवाज, शिवाय बुद्धिबळ आणि सूर धरणारा तंबोरा, असं करत अकरा पॅकेजं. आणि वर्गावर्गात सांगत फिरले, माझ्या गटावर विसंबू नका, आपापला बांधा. मुलं ‘हो सर’ म्हणत नि हसत. शिक्षकांच्या खोलीत त्याला ‘सरांचं प्रवचन’ म्हणत.

गट काढला की त्यातली पॅकेजंही जातात. दुसऱ्या कुणाच्या गटात असली, तरच राहतात. कुणी खरंच गट बांधला, हे सरांनी कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्याच्या खात्यात डोकावणं त्यांना पटत नसे.

मराठी गेली तर परत चढवाल ना, असं त्यांनी अनुरागला विचारलं.

“सर, मुलं तर इंग्रजी अक्षरांतच लिहितात,” अनुराग म्हणाला. “जरूर पडली तर बघू ना.”

सरांनी आज्ञा लिहिली. बोट एंटरवर जरा थांबलं. मग दाबलं.

पडद्यावर ओळी उतरल्या. काढलेली दोन: बुद्धिबळ, तंबोरा. ठेवलेली नऊ. आणि प्रत्येकापुढे ते ज्यांच्या गटात होतं त्यांची नावं: प्रभा, सुजय, केतकी, लुंबिनी... यादी खाली सरकतच राहिली. शेवटचं नाव, अलकनंदा.

बाई दारातच उभ्या होत्या. “मी पण बांधला होता, सर,” त्या म्हणाल्या. “तुमचं प्रवचन ऐकूनच.”

अनुराग बाजूच्या खुर्चीतून उठून उभा राहिला.

“तंबोरा तेवढा मला एकट्याला लागायचा,” सर म्हणाले, आणि त्यांनी पिशवी खांद्याला लावली.

कधी त्या खोलीत गेलात आणि पडद्यावर मराठी अक्षर उमटताना दिसलं, तर मंडळी, सुखदेव सरांची आठवण काढा. त्या यंत्रात त्यांचं नाव आता कुठंच नाही.