टो-बारची पूजा

"हे कोणी केलंय?" कोंडीराम मिस्त्रींनी विचारलं.

ट्रेलरचे ब्रेकलाइट लागेनात म्हणून यज्ञेश्वर सरांनी आपली मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, बिबवेवाडीत मिस्त्रींच्या शेडमध्ये आणली होती. मोटरहोमच्या मागे ट्रेलर ओढायचा लोखंडी टो-बार मिस्त्रींनीच वर्षापूर्वी वेल्डिंग करून बसवला होता. आता त्याच्या शेजारच्या दिव्यांच्या सॉकेटमधून ते स्क्रूड्रायव्हरनं पिवळं-लाल काहीतरी उकरून काढत होते.

"आमच्या गृहलक्ष्मींनी," सर म्हणाले. "दसऱ्याला. हळद, कुंकू, अक्षता, वरून नारळाचं पाणी. नैवेद्य तेवढा दाखवायचा राहिला."

"नवी वस्तू. पूजा नको करायला?" हेमाताई म्हणाल्या. ट्रेलरवरून उतरवलेल्या आपल्या बॅटरीच्या तीनचाकीवर त्या बसल्या होत्या.

"करा की ताई," मिस्त्री म्हणाले. "पर देव भायेरनं पण पावतो. त्याला पार आत कशाला कोंबायचं?"

सॉकेट घासून झालं आणि दिवे लागले. हेमाताईंचा जीव भांड्यात पडला. दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून दवाखान्यापलीकडे त्या कुठे म्हणून गेल्या नव्हत्या. उद्या पहाटे ताम्हिणी घाट उतरून श्रीवर्धनला, बहिणीकडे जायचं होतं. तिथे तीनचाकी खाली काढायची आणि कोणाचाही हात न धरता समुद्रापर्यंत जायचं, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं. बॅगा तीन दिवसांपासून भरून दाराशी ठेवलेल्या.

"पाच मिनिटं थांबा," मिस्त्री म्हणाले. "गाडी आलीच हाय, तर टो-बारचा जोड बगून घेतो."

"त्याला काय धाड भरलीय?" सर म्हणाले. तेवढ्यात फोन वाजला आणि ते बोलत बोलत शेडबाहेर गेले.

मिस्त्री गाडीखाली सरकले. फडक्यानं जोड लख्ख पुसला, ब्रशनं डिझेल लावलं, थोडं थांबून पुन्हा कोरडा केला आणि डब्यातली खडूची भुकटी त्यावर भुरभुरली. तीनचाकी बुटकी, त्यामुळे हेमाताईंना बसल्या जागेवरून सगळं दिसत होतं.

"हे काय हो?"

"चीर असंल तर डिझेल आत शिरतं ताई. मग हळूहळू भुकटीत उमटतं. नुसत्या डोळ्याला न्हाई दिसत."

दुपारच्या गोळीची वेळ झाली होती. हेमाताईंनी पर्स उघडून आत हात घातला, पण नजर जोडावरच राहिली. पांढऱ्या भुकटीत एक ओला ठिपका आला. ठिपक्याची रेघ झाली. कोणी हात न लावता, आपली आपण, ती बोटभर लांब झाली. अगंबाई! या जोडाच्या भरवशावर उद्या घाट उतरायचा होता.

मिस्त्री त्या रेघेकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वळवून बाहेर पाहिलं. सर सोसायटीच्या सेक्रेटरीला पाण्याच्या टँकरवरून फैलावर घेत होते. हेमाताई पर्समध्ये डोकं घालून बसल्या आहेत असं मिस्त्रींना वाटलं असावं. फडकं त्यांच्या उजव्या हातात होतं. एकदा फिरवलं की जोड पुन्हा काळा.

हात वर गेला. जोडाशी थांबला.

मिस्त्रींनी फडकं जमिनीवर ठेवलं. "सर, इकडं या जरा," त्यांनी हाक मारली. "वाका खाली. ह्यो जोड माझा हाय, आणि ह्याला चीर गेलीय."

पस्तीस वर्षं गणित शिकवताना बरोबर उत्तराचाही अर्धा मार्क कापणारे यज्ञेश्वर सर त्या ग्रीसच्या जमिनीवर गुडघे टेकून बसले.

"तुम्ही बोलला नसतात तर आम्हाला कळलंही नसतं," ते म्हणाले.

"मला कळलंवतं की." मिस्त्री बाहेर सरकले. "आज समदं तोडतो, नवी पट्टी घालून जोडतो. उद्या परत भुकटी लावून बगतो. तुमी परवा निघा. ताई, तुमचा एक दिस गेला माझ्यामुळं."

हेमाताईंनी आयुष्यात नाना तऱ्हेची माणसं पाहिली, पण असं काही कधी पाहिलं नव्हतं.

"समुद्र कुठे पळून जातोय?" त्या म्हणाल्या.

उद्या निघताना गाडीला लावायचं म्हणून हळदकुंकवाचा करंडा पर्समध्येच होता. तो त्यांनी बाहेर काढला.

"आता कोणाची पाळी?" सर म्हणाले. "सॉकेटपासून लांब राहा, म्हणजे मिळवलं."

"भाऊ, ते खाली ठेवलेलं फडकं द्या."

"ह्ये? मळकं हाय ताई."

"द्या तर खरं."

त्यांनी ते मांडीवर पसरलं आणि तेलाच्या डागावर आधी हळद, मग कुंकू लावलं.

"अगं, फडक्याला?" सर म्हणाले.

हेमाताईंनी ते मिस्त्रींपुढे धरलं. मिस्त्रींनी फडक्याकडे पाहिलं, मग हेमाताईंकडे, आणि मान खाली घातली. दोन्ही हातांनी फडकं घेऊन त्यांनी ते फळीवर, वेल्डिंगच्या चष्म्याशेजारी ठेवलं.

मग ग्राइंडर उचलायच्या आधी त्यांनी तेलकट हात आपल्या शर्टाला पुसले.