खडाखडी

बनारसच्या त्या आखाड्यात आता कुणी उतरत नसे. पोरं मॅटवरच्या कुस्तीला दूरच्या व्यायामशाळेत जात. म्हातारा रामजतन पहिलवान मात्र रोज सकाळी लंगोट कसून एकटाच हौदातली माती उकरायचा. गुरूला दिलेल्या शब्दापायी त्यानं लग्न केलं नव्हतं. लंगोटाचा पक्का म्हणून सारा मोहल्ला त्याला लांबूनच हात जोडी.

एके दिवशी त्याचा जुना प्रतिस्पर्धी बेचन गावाकडून आला. बायको गेल्यापासून त्याच्या हातांना कंप सुटला होता.

"गड्या, लंगोट तेवढा बांधून दे. गाठ बसत नाही बघ."

रामजतननं तो घट्ट बांधून दिला. "या वयात हाडं मोडून घ्यायची हौस आलीय होय?"

"मोडणारा आधी उभा तर राहू दे!"

दोघे मातीत उतरले. मानेवर हात पडले, कपाळाला कपाळ भिडलं. बराच वेळ कुणीच हललं नाही.

"डाव टाक की रे," बेचन म्हणाला, पण त्याचीही पकड सैल होईना.

रामजतनच्या अंगाला कित्येक वर्षांत माणसाचा हात लागला नव्हता.

"टाकतो," तो म्हणाला, "जरा थांब."